ताकाचा सरस

श्रावण आला की आमच्या यवतमाळच्या घराच्या गॅलरीतल्या बंगईचा, म्हणजे झोपाळ्याचा, डावा हात निखळतो. पावसाचे शिंतोडे नेमके त्याच बाजूला येतात. मुलगा तो हात बसवतो, तो पुन्हा निघतो, आणि मी दरवर्षी काहीतरी बोलते. यंदा त्यानं बाजारातून एक बाटली आणली. "आई, हा पाण्यातही सुटत नाही," म्हणाला. मी टोपण काढून नाकाशी धरली. कसलाच वास नाही! ज्या चिकटपणाला वास नाही त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही, त्याला मी तरी काय करू? माझी तरुणपणीची सगळी वर्षं सरसाच्या वासात गेली.

आमचं घर सुताराचं. दारव्ह्याकडचं गाव, घरापुढे लांबलचक सपरी, म्हणजे पुढच्या बाजूची उघडी पडवी. तिथं माझे सासरे, ज्यांना आम्ही सुना मामाजी म्हणायचो, आमचे हे आणि धाकटे दीर काम करायचे. सागवानाचा भुसा, रंध्याखालून निघणाऱ्या लाकडाच्या कुरळ्या साली आणि या सगळ्यावर पसरलेला सरसाचा दर्प. सरस जनावराच्या कातड्याहाडांचा. त्याच्या पिवळट वड्या भिजत घालायच्या, मग एका मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी आणि त्या पाण्यात सरसाचा लहान गंज ठेवून मंद आचेवर शिजवायचा. उकळी आली की जोर गेला. थंड झाला की थिजला. म्हणून सरस शिजवणाऱ्या बाईला सपरीतच बसावं लागायचं, चुलीजवळ, पुरुषांच्या कामाच्या मधोमध.

सासूबाई गेल्या तेव्हा तो लहान गंज माझ्याकडे आला, आणि त्याच्याबरोबर सपरीतली ती जागाही. आजच्या मुलींना त्यात काय एवढं असं वाटेल. पण डोक्यावरचा पदर सावरत चुलीपुढे बसून मला गावात येणाराजाणारा दिसायचा, कोणाच्या घरी कसलं दार होतंय ते कळायचं. हे करवत थांबवून "आण" म्हणायचे आणि मी सरसाचा कुंचला त्यांच्या हातात द्यायची. दिवसाउजेडी नवऱ्याच्या इतक्या जवळ बसायची मुभा त्या काळी कोणत्या सुनेला होती? बाकीच्या वावरात निंदायला जात, नाहीतर आत धुरात भाकरी थापत. मी मात्र सपरीत.

आणि मग शेवंता आली. धाकट्या दिराची बायको, माझी जाऊ. माहेर महागावाकडचं, पैनगंगेच्या काठचं. तिचा बाप नदीतले डोंगे दुरुस्त करायचा. काळीसावळी, उंच, चालताना पायातल्या जोडव्यांचा आवाज करत जाणारी. दिसायला माझ्यापेक्षा उजवी नव्हती, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. पण ती हसली की आमच्या घरातली माणसं हातातलं काम थांबवून हसायची, आणि मी हसले की काम चालूच राहायचं. पोटात दुखायला एवढं पुरे असतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा. खऱ्या बैलांचा पोळा मोठ्यांचा, लाकडी बैलांचा पोळा पोरांचा. प्रत्येक घरातलं लेकरू चाकांवरचा लाकडी बैल दोरीनं ओढत निघतं, घरोघरी बोजारा म्हणजे खाऊखुर्दा मागतं. आमच्या गावात या सगळ्या लहान बैलांच्या पुढे एक मोठा नंदी असायचा. माणसाच्या छातीएवढा उंच, सागवानी, चार चाकांवरचा. तो आमच्या घराण्यानं करायचा आणि आमच्याच सपरीत ठेवायचा. आणि त्याचा एक रिवाज होता. नंदीच्या अंगात लोखंड घालायचं नाही आणि मानेतून आरपार खुंटीही मारायची नाही. "जित्या बैलाच्या मानेत कोणी खिया ठोकते का?" असं मामाजी विचारायचे. त्यामुळे शिर वेगळं, धड वेगळं, मानेचा खुंट धडाच्या खाचेत बसवायचा आणि पुढची सगळी जबाबदारी सरसाची.

शेवंता लग्न होऊन आली त्याच वर्षी ते झालं. तान्ह्या पोळ्याला पाऊस असतोच, पण त्या वर्षी सकाळपासून संततधार. मारुतीच्या पारापुढे पोरांनी नंदी ओढत आणला आणि नंदीनं हळूहळू मान खाली घातली. लोकांना आधी चमत्कारच वाटला. दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले. मग शिर निखळून चिखलात पडलं आणि पोरांनी एकदम भोकाड पसरलं. सगळा पार हसला. "सुताराचा नंदी गुळाचा निंगाला वो!" कोणीतरी ओरडलं. तेव्हापासून मामाजी पारावर बसायला गेले नाहीत. माझ्याशी ते एक शब्द बोलले नाहीत, पण सरस माझ्या हातचा होता.

पुढल्या वर्षीच्या आषाढात मामाजींनी सांगून टाकलं की यंदा पाण्यात टिकेल असा सरस मिळाला तरच नंदीचं शिर बसेल, नाहीतर नंदी गावापुढे निघणार नाही. मग सुरू झाली ती शोधाशोध. दारव्ह्याच्या बाजारातल्या सरसवाल्या गफूरभाईंनी ह्यांना तोंडावर सांगितलं, "भाऊ, सरस और पानी की पुरानी दुश्मनी है. मैं बेचता हूँ, तो भी बोलता हूँ." यवतमाळहून ह्यांनी नव्या तऱ्हेची, पाण्यात कालवायची पावडर आणली, पण दुकानातच तिला ओल लागून ढेकळं झालेली. राळ वितळवून पाहिली. ती पाण्याला दाद देईना, पण हातोडीचा एक ठोका बसला की काचेसारखी तडकायची. मी हट्टाला पेटले होते. सरसात उकळलेलं जवसाचं तेल थेंब थेंब घालून घोटायचं माझ्या मनानं काढलं. हात काळे झाले, केसांना जवसाचा वास लागला, पण सरस खरंच चिवट झाला. ह्यांनी बोटावर घेऊन पाहिला आणि म्हणाले, "हे जमते वाटते." मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला.

तेव्हा शेवंता आतून, दाराआडून, मला ऐकू येईल इतपतच म्हणाली, "बाई, आमच्या इकडं वल्ह्याले ताकाचा सरस लावते."

मी हसलेच. ताकाचा! तिला म्हटलं, "अवं, ताकानं कढी होते." पण माझ्या हसण्यानं ते दिराच्या कानावर गेलं, त्यांनी ह्यांना सांगितलं, ह्यांनी मामाजींना. मामाजी म्हणाले, करून तर पाहू द्या.

ते दिवस मला आजही लख्ख आठवतात. अंगणात शेवाळ, तरोट्याची भाजी रोजची, भिंतींना ओल आणि कपड्यांना कुबट वास. लोणी काढून घेतलेलं आंबट ताक शेवंता मंद आचेवर ठेवायची. चोथा आणि पाणी वेगळं झालं की फडक्यात बांधून निथळायची, पुन्हा स्वच्छ पाण्यानं धुवायची. मग तो चोथा मागच्या अंगणातल्या पाट्यावर घेऊन वाटायची आणि त्यात कळीचा चुना चिमटी चिमटीनं घालायची. चुना पडला की तो पांढरा भुगा बघता बघता मऊ, चकचकीत, तार येणारा होऊन जायचा. ना आग, ना गरम ठेवायची कटकट. थंडच लावायचा!

हे थंडपण माझ्या काळजात गेलं. थंड सरसाला चूल लागत नाही. चूल नाही तर सपरीत बाई कशाला? मागच्या अंगणात वाटायचा, वाडग्यात भरून पुढे पाठवून द्यायचा, झालं. माझा गंज अडगळीत जाणार आणि मी वावरात. नाहीतर त्याहून वाईट म्हणजे शेवंता माझ्या जागी बसणार आणि हे तिच्याकडे हात करून "आण" म्हणणार. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

ती वाटायला बसली की मी आतल्या खोलीच्या खिडकीतून पाहायची. गजाला नाक लावून पाहायची. ताक किती आंबट घेते, पाण्यानं किती वेळा धुते, वरवंटा कसा फिरवते, सगळं. काहीतरी चूक सापडेल म्हणून पाहायची. ती मात्र निवांत. पाटा आधी लिंबाखाली कोरड्यात होता, तो तिनं ओढून माझ्या खिडकीच्या पुढ्यात आणला, जिथं वळचणीचं पाणी अंगावर उडायचं. आणि धान्य मोजताना एकाऐवजी लाभ म्हणतात तसं चुना घालताना मोठ्यानं म्हणायची, "लाभ... दोन... तीन..." मी आत दात खायची. तोरा तरी केवढा, मला वाटायचं. चार भिंतींआड मुकाट्यानं करायचं काम, पण हिला गावाला ऐकवायचंय.

वेगवेगळ्या सरसांनी जोडलेले सागवानाचे तुकडे मामाजींनी सपरीच्या वळचणीला सुतळीनं टांगले. पागोळ्या त्यांच्यावर दिवसभर ठिबकायच्या. मी चुलीपाशी बसून सरस ढवळायची आणि डोळे त्या तुकड्यांवर. साधा सरस लवकरच सुटला आणि एक तुकडा टपकन अंगणात पडला. माझा जवसाचा बरेच दिवस धरून होता. रोज सकाळी उठले की मी आधी तो पाहायची आणि मग तोंड धुवायची. शेवटी मामाजींनी तुकडे उतरवले, पायाखाली धरून हातोडीनं ठोकले. माझा सांधा हळूच उघडला, आतून बुळबुळीत झालेला. शेवंताच्या तुकड्यावर त्यांनी दुसरा घाव घातला, तिसरा जोरात घातला. लाकूड सांध्याशेजारून फाटलं, सांधा तसाच. मामाजी फाटलेल्या लाकडाकडे पाहत राहिले आणि मग ह्यांना म्हणाले, "धाकटीच्या हाताले गुण आहे बाप्पा." ह्यांनी मान हलवली. नुसती हलवली असती तरी चाललं असतं, पण कौतुकानं हलवली.

माणसानं मत्सर करू नये असं सगळेच सांगतात. ज्यांना तो कधी झालाच नाही त्यांना सांगायला काय जातं? तो मोठा कष्टाळू असतो. मला तर आजवर कोणत्याही मायेनं इतकं बारकाईनं बघायला लावलेलं नाही.

शेवंताला दिवस गेलेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी. तिचा भाऊ रविवारी न्यायला आला आणि नाल्याला पूर येईल म्हणून त्याच दिवशी निघायची घाई करू लागला. नंदीचं शिर मात्र श्रावणी सोमवारीच बसवायचं, हाही घरचा रिवाज. मामाजींनी दाराबाहेरून सांगितलं, "सूनबाई, सरस करून गंज भरून ठेव अन् मंग जाय." आमच्या घराला कातड्याच्या सरसाची सवय. तो राहतो, थिजला तर पुन्हा तापवता येतो. ताकाचाही तसाच असणार असं सगळ्यांनी धरून चाललेलं. शेवंतानं गंज भरला, वर फडकं बांधलं, मला वाकून नमस्कार केला आणि बैलगाडीत बसून गेली. गंज माझाच, सासूबाईंनी दिलेला. त्यात तिचा सरस पाहून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

सोमवारी सकाळी पुरुष नदीवर अंघोळीला गेलेले. मी फडकं सोडलं. आत सरस नव्हताच. भिजलेल्या चामड्यासारखा एक गोळा होता, बोट घातलं तर दबायचा आणि पुन्हा वर यायचा. पाणी घातलं, हलेना. हलकेच तापवला, घाण सुटली. मेला होता तो.

मला जो आनंद झाला तो काय सांगू! सगळ्यांना बोलवून दाखवावा असं वाटलं. पाहा, धाकटीचा गुण. माझा जवसाचा सरस चुलीवर तयारच होता. शिर त्यानंच बसलं असतं, माझी जागा माझ्याकडे राहिली असती. पण तान्हा पोळा डोळ्यांपुढे आला. पारापुढे नंदी पुन्हा मान खाली घालणार, आणि या वेळी ती पुन्हा माझ्याच सरसानं खाली जाणार. तिकडे महागावला शेवंता बाळाला मांडीवर घेऊन ते ऐकणार. हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

मी गोळा उकिरड्यात पुरला. ताक चुलीवर चढवलं, चोथा निथळला, धुतला, मागच्या अंगणात तिच्याच पाट्याशी बसले. देवळीतलं तिचं चुन्याचं मडकं घेतलं. तिचा आवाज कानात होता. लाभ... दोन... तीन... चुना पडला आणि माझ्या वरवंट्याखाली ते चकाकू लागलं. गंज भरून मी फडकं तसंच बांधलं आणि सपरीत नेऊन ठेवला. चोरून पाहिलं हे सांगायची मला लाज वाटली, आणि तो ताजा माझ्या हातचा आहे असं कळलं असतं तर मामाजींनी त्याला हात लावला नसता. त्यांनी फडकं सोडलं, बोटानं तार काढून पाहिली आणि म्हणाले, "पाह्य, रातभर राह्यला तरी कसा लोण्यावानी आहे."

त्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्यालाही पाऊस होता. पारापाशी चाक दगडावर चढलं आणि नंदी सगळाच्या सगळा कलंडून नालीत आडवा झाला. पोरांनी, बाप्यांनी मिळून उचलला. एक कान मोडला होता. मामाजींनी पावसात उभं राहून त्याच्या मानेवरून हात फिरवला, दोन्ही हातांनी शिर धरून हिसडा दिला आणि लहान पोरासारखे ओरडले, "धाकटीचा सरस हाय हा! धाकटीचा!" त्या संध्याकाळी ते पुन्हा पारावर जाऊन बसले. मी बायकांच्या गर्दीत भिजत उभी होते. आपल्याच हातचं कौतुक दुसरीच्या नावानं ऐकायचं म्हणजे काय ते मला विचारा.

शेवंता बाळाला घेऊन परतली तेव्हा नंदी सपरीत उभा होता. मामाजी मोठ्या मायेनं म्हणाले, "आता सपरीत तूच बसत जाय, सूनबाई." शेवंतानं नंदीच्या मानेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मग दाराआड जाऊन माझ्याच तोंडून निरोप दिला, "बाई, मामाजीले सांगा, चुन्यानं माहे हात उलते. मोठ्या बाईनंच करावं. मी आपली वावरात बरी."

म्हणजे ज्या जागेसाठी मी एवढी जळले, ती तिला नकोच होती! पुढे विहाराचं बाहेरचं दार आमच्याकडे आलं. वस्तीतल्या नव्या बौद्ध मंडळींनी ते मोठ्या हौसेनं करवून घेतलं होतं. मग शाळेचं फाटक आलं, विहिरीवरचे रहाट आले. सगळीकडे ताकाचा सरस. सपरीत बसून मीच तो वाटायची, हे "आण" म्हणायचे, आणि गाव म्हणायचं धाकटीचा सरस. जागा माझी राहिली, नाव तिचं झालं. तिनं ती जागा नको म्हणून सोडली की माझ्यावर दया केली, हे मला कळेना. दया केली असेल या विचारानं मी जास्त जळायची.

परवा शेवंता डोळे तपासायला यवतमाळला आली, आमच्याकडेच उतरली. आता दोघी पिकल्या, दोघींचे धनी गेले. मुलगा बंगईचा हात त्या बाटलीतल्या सरसानं बसवत होता. ती बाजूला बसून बारीक डोळ्यांनी पाहत होती. इतकी वर्षं ओठांवर अडलेलं माझ्या तोंडून निघालंच.

"शेवंते, तू जातानी गंज भरून ठेवलता. थो सरस सकाळपर्यंत राहत नाही, हे तुले माहीत नोतं का?"

"माहीत नोतं काहून? आमच्या घरचाच सरस थो."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"मामाजीसमोर तोंड कोण उघडते, बाई? अन् सांगाचं तरी कायले? तुमाले तं सारं येतच होतं."

"मले कुठून येते?"

ती हसली. अजूनही तशीच हसते. "खिडकीतून. तुमी पुसत नोत्या, अन् मी आपून होऊन शिकवाले गेली असती तं तुमाले राग आला असता. म्हणून तं पाटा तुमच्या खिडकीपुढं आणला. लय पाणी उडे अंगावर. अन् चुना मोठ्यानं मोजत होती, तुमच्या ध्यानात राहावं म्हणून."

मुलानं बंगईचा हात दाबून धरला होता. पागोळ्या गळत होत्या. पोटुशी बाई पावसाचं पाणी अंगावर घेत कोणासाठी मोजत बसली होती ते आता कुठं मला कळत होतं. गहिवरून यायला हवं होतं, आणि आलंही थोडं. पण एखाद्या बाईचं मन इतकं मोठं असावं, आणि ते नेमकं हिचंच असावं? तिच्या शेजारी बसल्या बसल्या मला तिचा पुन्हा, पहिल्यापेक्षाही जास्त, हेवा वाटला.